गाडीचा धक्का लागला, आता काय? घाबरल्यावर काय करायचं आणि माफी कशी मागायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात बावीस वर्षं गाडी शिकवतोय. क्लच, गिअर, रिव्हर्स पंधरा दिवसांत येतं. लायसन्स मिळून सहा महिने झाले की जे फोन येतात ते मात्र क्लचबद्दल नसतात. "सर, एकाला धक्का लागला. हात कापतायत. काय करू?" तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदा लिहून काढले. कायद्याचं जेवढं मला पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिलंय. केस उभी राहिली असेल तर वकिलाला गाठा.

१. धक्का लागला. पहिल्या मिनिटात काय करायचं?

थांबायचं. "जरा पुढे साइडला घेतो" म्हणून शंभर मीटर गेलात तर बघणाऱ्याला तुम्ही पळताना दिसता. हँडब्रेक, हॅझर्ड, इंजिन बंद, चावी खिशात. मग आरशात बघून उतरायचं, कारण घाबरून फाडकन दार उघडलं की दुसरा अपघात तिथेच होतो.

उतरल्यावर माणसाकडे जायचं, बंपरकडे नाही. तो बोलतोय का, श्वास नीट चाललाय का, रक्त कुठून येतंय, एवढं बघा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. बेशुद्ध असेल किंवा मान-पाठ दुखते म्हणत असेल तर जागचं हलवू नका. मागून गाड्या अंगावर यायची भीती असेल तरच हलवा. हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडत असेल तर गोष्ट वेगळी. आणि पाणी पाजू नका. गर्दीतून कोणीतरी बाटली घेऊन येतोच, त्याला हात जोडून थांबवा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा चालतो.

हा नुसता माणुसकीचा भाग नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्यच आहे. पोलीस जागेवर नसतील तर लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या ठाण्यात जाऊन सांगावं लागतं.

२. पण त्या वेळी डोकंच चालत नाही. हात थरथरतात, कान बंद झाल्यासारखे वाटतात. हे थांबवायचं कसं?

थरथर थांबत नाही, आणि थांबवायची गरजही नाही. ॲड्रेनलिन अंगात भिनलेलं असतं. शरीर पळायच्या किंवा भांडायच्या तयारीत असतं. तुम्हाला दोन्ही करायचं नाही, म्हणून ती ताकद हातापायांतून अशी बाहेर पडते. थरथरत्या हातांनीही १०८ लावता येतो.

उपयोग होतो तो श्वास सोडण्याचा. "दीर्घ श्वास घ्या" असं सगळे सांगतात. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो, त्यात आणखी घेतला की चक्कर येते. तेव्हा आधी सोडा. ओठ शीळ घातल्यासारखे करून, घेतला त्याच्यापेक्षा जास्त वेळ सोडायचा. चार आकडे घेताना, सहा-सात सोडताना. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराचीच सोय आहे. असे तीन-चार श्वास म्हणजे अर्धं मिनिट. तेवढा वेळ असतो. माणूस रक्तात पडलेला असेल तर चालत जाता जाता सोडा.

दुसरी युक्ती: जे करताय ते मोठ्याने बोला. "हँडब्रेक ओढला. हॅझर्ड लावला. चावी काढली." जपानमध्ये रेल्वेचे मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने म्हणतात, चुका टाळण्यासाठी. मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून हेच करायला लावतो. पोरं लाजतात, हसतात. पण पुढे यातल्याच एकीने फोनवर सांगितलं, "सर, मी एकटीच बडबडत होते, पण त्यामुळे एकही गोष्ट विसरले नाही."

३. समोरच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं?

"लागलं का कुठं?" बास. चूक कोणाची, सिग्नल कोणता होता, तुम्ही मध्येच का आलात, यातलं काहीही नाही.

सोपं वाटतं, पण भीतीच्या तोंडी पहिलं जे येतं ते स्वतःच्या बचावाचं असतं. मी स्वतः यात नापास झालोय. पोवई नाक्याच्या अलीकडे गाडी कडेला लावली आणि मागे न बघता दार उघडलं. सायकलवरून दूध घालणारे एक आजोबा दारावर आदळले. किटली रस्त्यावर, झाकण गडगडत गटारापर्यंत, आणि पांढरं दूध उतारावरून माझ्याच चाकाखाली येत होतं. माझ्या तोंडून निघालं, "अहो, बघून चालवायचं ना!" शिकवायचा धंदा माझा, दार उघडलं मी, आणि बघायचं त्यांनी! मग मी वाकून किटली उचलली. ते म्हणाले, "काय झालं न्हाई, जावा तुम्ही." मी गेलो. पुढचं प्रश्न ५ आणि ९ मध्ये आहे.

तेव्हापासून माझ्याकडे शिकणारा प्रत्येक जण ड्रायव्हरचं दार डाव्या हाताने उघडतो. डावा हात दाराकडे न्यायचा तर खांदा वळतो, मान वळते आणि मागून येणारा दिसतो.

४. माझा भाऊ वकिली शिकतोय. तो म्हणतो, तोंड उघडू नकोस, सॉरी म्हणालीस की गुन्हा कबूल. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. पोलिसांपुढे दिलेली गुन्ह्याची कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पूर्वी साक्षीपुराव्याच्या कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. पण चार लोकांसमोर तुम्ही काय बोललात हे साक्षीदार सांगू शकतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २००६ पासून असा कायदा आहे की माफी मागितली म्हणजे दोष कबूल केला असं कोर्टात धरायचं नाही. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

आता विम्याचं. गाडीच्या पॉलिसीत एक अट असते जी कोणी वाचत नाही: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दोष मान्य करायचा नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. म्हणून "सगळा खर्च माझा, लिहून देतो" हे जागेवर बोलू नका.

पण "लागलं का?", "तुम्हाला त्रास झाला, मला फार वाईट वाटतंय", "चला, दवाखान्यात जाऊ" यातल्या कशानेही कोणी तुरुंगात गेलेलं मी पाहिलेलं नाही. गप्प उभा राहिलेला, फोनमध्ये डोकं घातलेला ड्रायव्हर मात्र गर्दीला निर्लज्ज वाटतो, आणि प्रकरण तिथून चिघळतं. जागेवर विचारपूस आणि मदत करा. तपशिलात जाऊन माफी नंतर, शांतपणे मागा (प्रश्न ८). पोलिसांनी विचारलं तर जे झालं ते खरं सांगा. तुमच्या भावाची एक गोष्ट मात्र ऐका: कोऱ्या कागदावर सही करू नका.

५. समोरचा म्हणतो, "मला काही झालं नाही, तुम्ही जा." जाऊ ना?

नका जाऊ. जे ॲड्रेनलिन तुमचे हात थरथरवतं तेच त्याचं दुखणं दाबून ठेवतं. आजोबांच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी सुजल्यावर कळलं. डोक्याला मार असेल तर आणखी जपा. माणूस उठतो, बोलतो, चहा पितो आणि काही तासांनी उलट्या होऊन बेशुद्ध पडतो, कारण आत रक्त साठत असतं. त्याला दवाखान्यात न्या. तो नाहीच म्हणाला तर नाव, फोन नंबर घ्या, तुमचा द्या, घरच्या कोणाला तरी फोन लावून सांगा आणि संध्याकाळी स्वतःहून चौकशी करा.

पैशांमुळे नको म्हणत असेल तर त्याला सांगा की ५ मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, पैसे न भरता उपचार.

६. गर्दी जमली आणि कोणीतरी कॉलर धरली. तेव्हाही तिथेच थांबायचं?

जिवाला धोका असेल तर नाही. कलम १३४ मध्येच ही सूट आहे: जमावाच्या रागामुळे शक्य नसेल तर जखमीला नेण्याचं बंधन राहत नाही. पण निघायचं ते थेट पोलीस ठाण्यात, घरी नाही. जाता जाता ११२ ला फोन करून ठिकाण सांगा आणि जखमीसाठी १०८ बोलवा. फोनची नोंद राहते. पळालो नाही हे तीच सांगते.

त्याआधी मात्र प्रयत्न करून बघा. गर्दीतला सगळ्यात मोठ्याने ओरडणारा सोडा; एखादी वयस्कर बाई किंवा समोरचा दुकानदार शोधा आणि त्यालाच काम सांगा. "काका, तुमच्याकडे स्वच्छ कापड आहे का? मामी, ह्यांच्या घरी फोन लावता का?" गर्दीतल्या एकाला काम दिलं की तो तुमच्या बाजूचा होतो. आवाज खाली, तळहात दिसतील असे हात, आणि व्हिडिओ काढणाऱ्याशी अजिबात वाद नाही.

"पळून गेलं तर दहा वर्षं" याबद्दल बरेच जण विचारतात. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२) ते हेच. जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या संपानंतर ते थांबवलं गेलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं १०६(१) मात्र लागू आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

७. अपघात माझा नाही, मी मदतीला थांबलो. लोकांनी मलाच धरलं तर?

कलम १३४ अ तुमच्यासाठी आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. त्याच्याही आधी, २०१६ साली, सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली होती. थांबा, घाबरू नका.

८. माफी नेमकी कशी मागायची? मी तीनदा सॉरी म्हटलं, ते आणखीच चिडले.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

आपली मराठी इथे आपल्याला फार सोयीची पडते. "धक्का लागला." कोणी दिला? कोणीच नाही, तो आपोआप लागला. "चूक झाली." झाली बिचारी. कर्ता गायब. समोरच्याला ती पळवाट लगेच ऐकू येते. "मी मागे न बघता दार उघडलं" या वाक्यात मी आहे आणि मी काय केलं तेही आहे. अर्धी माफी तिथेच झाली.

मग नेहमीचे तीन खडे. पहिला "असेल तर": "काही चुकलं असेल तर माफ करा." हे आभारप्रदर्शनाच्या भाषणात ठीक. ज्याचा हात प्लास्टरमध्ये आहे त्याच्यासमोर "असेल तर" कसलं? दुसरा "पण": "माफ करा, पण तुम्हीही रॉंग साइडने होता." पणच्या मागचं सगळं पुसलं जातं. तिसरा, "तुम्हाला वाईट वाटलं याचं मला वाईट वाटतं." म्हणजे दोष तुमच्या वाटण्याचा!

माझ्या अनुभवात जी माफी पोचली ती साधारण अशी होती: "मी फोनकडे बघत होतो. त्यामुळे ब्रेक उशिरा दाबला आणि तुमच्या मुलीला लागलं. तिची परीक्षा बुडाली हे मला कळलं. चूक माझी. रिक्षाचा खर्च आणि औषधांचं मी बघतो, आणि गाडीत फोन आता डिकीत ठेवतो." यात माफ हा शब्दच नाही, आणि तरी त्या आईने त्याला बसायला सांगितलं. (पैशांचं बोलण्याआधी त्याने विमा कंपनीला विचारलं होतं; प्रश्न १० बघा.)

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक तपासले. लोकांना सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते जबाबदारी घेणं, त्याखालोखाल नुकसान भरून द्यायची तयारी. सगळ्यात कमी महत्त्वाचं काय ठरलं? "मला क्षमा करा" ही विनंती. आपण नेमकी तीच तीनदा करतो. त्या विनंतीत समोरच्यावरच एक काम टाकलेलं असतं, ते तुम्ही का टाकताय?

पायावर लोळण, नाक घासणं, रडणं टाळा. तुम्ही रडायला लागलात की जखमी माणसालाच तुमची समजूत काढावी लागते.

९. घरी किंवा दवाखान्यात भेटायला जावं का? जाताना काय न्यावं?

जावं. आधी त्यांच्या घरच्या कोणाला फोन करून विचारावं, आणि एकट्याने किंवा घरातल्या एखाद्या शांत माणसाबरोबर जावं. नगरसेवक, "आपला माणूस", बुलेटवरचे चार मित्र यांतलं कोणी नको. माफी मागायला गेलात की दम द्यायला, असा प्रश्न पडतो. केस झालेली असेल तर आधी वकिलाला विचारा, कारण फिर्यादीच्या घरी जाणं हे दबाव टाकणं म्हणूनही सांगता येतं.

फळं ठीक आहेत. मोठा गिफ्ट बॉक्स नको. पंधरा-वीस मिनिटं बसा, चहा दिला तर घ्या, आणि ते बोलत असतील तर मध्ये तोंड घालू नका.

मी तिसऱ्या दिवशी आजोबांकडे गेलो. दारातच सांगितलं, "दार मी उघडलं, न बघता. आणि वर तुम्हालाच बोललो." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्ये जाऊ द्या. पर तुम्ही पयली किटली उचलली." एवढंच. हाड मोडल्याबद्दल नाही, बोलल्याबद्दल नाही, दुधाबद्दलही नाही. त्यावर मला काही बोलता आलं नाही, आणि मी बोललो नाही हे बरंच झालं. दीड महिना त्यांचा रतीब घालायला त्यांच्या नातवाला मी स्कूटर दिली.

१०. जागच्या जागी पैसे देऊन मिटवावं का?

आरसा फुटला, इंडिकेटर तुटला, कोणालाही लागलेलं नाही, आणि विम्याकडून काही मागायचं नाही: मिटवा. दोघांच्या सहीचा साधा कागद आणि दोन्ही गाड्यांचे फोटो ठेवा.

माणसाला लागलं असेल तर नाही. दोन हजार हातात ठेवले आणि रात्री फ्रॅक्चर निघालं, तर ते दोन हजार तुमच्या मदतीचा नाही, तोंड बंद करण्याचा पुरावा होतात. आधी दवाखाना, पोलीस आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे तो याचसाठी. मदत करायची असेल तर कंपनीशी बोलून औषधाच्या दुकानात, दवाखान्यात थेट भरा आणि पावत्या ठेवा.

११. चूक खरंच माझी नव्हती. तो दारू पिऊन समोर आला. तरी माफी मागू?

न केलेल्या चुकीची माफी मागू नका. ती खोटी असते, आणि पुढे तुमच्याच गळ्यात येते. पण विचारपूस, मदत आणि पोलिसांना कळवणं यांतून सुटका नाही. कलम १३४ चूक कोणाची हे विचारत नाही. "तुम्हाला लागलं हे बघून मला वाईट वाटतंय" म्हणायला दोषी असावं लागत नाही.

आणि रात्री एकदा स्वतःला विचारा: वेग किती होता? शंभर टक्के दुसऱ्याची चूक असलेले अपघात माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत.

१२. उभ्या गाडीला घासलं, मालक जागेवर नाही. कोणी पाहिलेलंही नाही.

तुम्ही पाहिलंय ना? वायपरखाली चिठ्ठी: "तुमच्या गाडीला माझ्या गाडीने घासलं", नाव, नंबर. फोटो काढून ठेवा. सोसायटीत असेल तर वॉचमनला सांगा. फोन आला की प्रश्न १० चा पहिला परिच्छेद.

१३. माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने स्कूटर नेली आणि एका बाईंना पाडलं. त्याच्या वतीने मी माफी मागितली तर चालेल?

तुम्हाला तुमची स्वतःची माफी मागायची आहे. चावी घरात कुठे होती? कायदाही हेच विचारतो: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ अ अल्पवयीन चालकाच्या पालकाला किंवा गाडीमालकाला दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण रोखायचा पुरेपूर प्रयत्न केला, हे सिद्ध करणं पालकावर असतं.

मुलाला सोबत न्या. त्याला वाक्य पाठ करून देऊ नका, अडखळू द्या. तुम्ही त्याच्यासमोर म्हणा, "चावी मी टेबलावर ठेवली, तो नेतो हे मला ठाऊक होतं." बापाने आधी स्वतःचं सांगितलं की पोरगं आपलं सांगतं, हे मी दोनदा पाहिलंय.

१४. त्या मला माफ करत नाहीत. दार उघडत नाहीत.

तो त्यांचा हक्क आहे. एकदा जा, फार तर एक पत्र पाठवा, नंबर द्या, आणि थांबा. रोज मेसेज टाकणं म्हणजे वसुली झाली. व्हॉट्सॲपवर हात जोडलेली चिन्हं तर पाठवूच नका. जे द्यायचं कबूल केलंय ते मात्र माफी मिळो न मिळो, वेळेवर द्या. आमच्या ओळखीच्या एकाला तीन वर्षांनी संक्रांतीला त्या घरून तिळगूळ आला. आलाच नसता तरी त्याची तक्रार नव्हती.

१५. महिना झाला. झोप लागत नाही, ब्रेकचा आवाज आला की दचकते. गाडीला हात लावावासा वाटत नाही.

पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे, बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. महिना उलटूनही तेच दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, तो रस्ता टाळत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. यावर उपचार आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

गाडीचं म्हणाल तर घाई नको, पण कायमची सोडूही नका. पहिल्या दिवशी नुसतं सीटवर बसायचं, इंजिन बंद. दुसऱ्या दिवशी स्टार्ट करून बंद. मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर एक फेरी, शेजारी कोणीतरी हवं. माझ्याकडे आलात तर शेजारच्या सीटला ब्रेक आहे आणि त्यावर माझा पाय असतो. त्या फेरीचे पैसे मी घेत नाही.